तांब्यावरची कुंची

घरात लेकरू नाही,
म्हणून कुंची तांब्यावर चढवते.
उपडा तांब्या, पितळी, एका बाजूनं जरा चेपलेला.
खिडकीतलं ऊन पडद्यानं कलतं करते
आणि फोटो काढते.
बरा दिसतो. गाल असल्यासारखा.

खाली लिहिते:
वय तीन ते सहा महिने,
डोक्याचा घेर सोळा इंच,
आतून जुन्या धोतराचं अस्तर, पुष्कळ पाण्यांतून निघालेलं,
शिवण बाहेरच्या अंगाला, कानाला टोचू नये म्हणून.
सुरुवातीची बोली दीडशे.
संपणार गुरुवारी, रात्री नऊला.

अण्णांना हे पटत नाही.
चाळीस वर्षं वसमतच्या मोंढ्यात
हळदीच्या हर्रासीत उभा राहिलेला माणूस;
त्यांचा सदरा अजून धुतला की
पाणी पिवळं येतं.
"ही कसली हर्रासी गं पद्मिने?
वरडणं न्हाई, मालाला हात न्हाई.
हळद कशी, मोडून बघावी लागती,
खट्ट वाजली तर खरी.
तुझं गिऱ्हाईक काय मोडणार, मोबाईल?"
लोक वाचतात अण्णा, मी म्हणते.
"वाचून कुठं मऊ कळतंय?"

यावर काही सुचलं नाही.
अस्तराबद्दल आणखी एक ओळ वाढवली.

लहानपणी मी पाहिलंय,
दोन माणसं, मध्ये एक रुमाल.
रुमालाखाली बोटं बोटांशी बोलायलीत
आणि वर दोन्ही चेहरे
वेशीवरच्या दगडासारखे.
एक बोट दाबलं तर एक,
पंजा धरला तर पाच,
शेकडा की हजार, ते ज्याचं त्यानं ओळखायचं.
अण्णा सांगायचे, खरा भाव हवेत बोलू नये,
हवा फितूर असती.

गुरुवारी साडेआठला लाइट गेली.
फोनमध्ये अकरा टक्के.
परतूरची कुणी: दोनशे.
नाशिकची कुणी: दोनशे दहा.
मग काही नाही. डास.
आठ एकोणसाठला कुणी 'मापाडी छप्पन्न':
चारशे.

माझ्या कुंचीला आजवर
चारशे कुणी दिले नव्हते.
नऊ वाजले. अंधारात एकटीच हसले.
आणि ओसरीवरून, बाजेवरून,
अण्णांच्या उशाखालून
टिंग.

मी कंदील न घेताच गेले.
"भाव चढवाया टाकली होती," ते म्हणाले,
"मोंढ्यात टाकतेत तशी.
वाटलं, वर कुणी येईल.
आलंच न्हाई कुणी."
शेजारच्या कैवल्यनं शिकवलेलं सगळं,
दोन कुल्फ्यांच्या बोलीवर.

मी बोलले, बरंच बोलले.
नाशिकची ती गेली, दोनशे दहा गेले,
खातं बंद करतील माझं,
आणि आपल्या घरी कुंची घेऊन
आपण काय करायचं अण्णा,
कुणाच्या डोक्यावर.

यावर मात्र दोघंही गप्प झालो.
डासही गप्प वाटले.

"रद्द करू?" मी विचारलं.
"बोली फिरवत नसतेत," म्हणाले. "अडत बुडाली तरी."
आणि खिशातून रुमाल काढला,
तोच, कडा पिवळ्या पडलेला,
माझ्या हातावर पसरला
आणि खालून चार बोटं दाबली.

मी दोन दाबली.
त्यांनी पुन्हा चार.
मी तीन.
चार.
बोटं हलकी झालीत त्यांची,
वाळल्या हळकुंडासारखी,
पण मोडली तर वाजतील अजून.
अंधारात चेहरा दिसत नव्हता.
दिसला असता तरी
काही कळलं नसतं.

दिली, मी म्हणाले.

कुंची अजून तांब्यावरच आहे,
विकली गेलेली.
पाणी प्यायला
आम्ही दुसरा तांब्या घेतो.